टेलरचा बांध

बदकं पुन्हा घेवड्यात शिरली त्या सकाळी टेलरने तळ्याचा बांध फोडला.

मुळात तो भांडखोर माणूस नव्हता. रस्त्याकडेला त्याचं एका खोलीचं दुकान, त्यात एक शिलाई मशीन, एक लांब फळी, कात्री आणि खडू. आयुष्य सावलीत बसून गेलेलं. मान जराशी पुढे आलेली, तळहात मऊ. तळ्याच्या खालच्या अंगाला त्याला सासऱ्यांकडून जमिनीचा एक तुकडा मिळाला होता आणि त्या वर्षी पहिल्यांदाच त्याने हौसेने घेवडा लावला होता. दुकान उघडायच्या आधी तो रोज वेल बघून यायचा. कुठे कळी आली, कुठे शेंग धरली, हे घरी जाऊन बायकोला सांगायचा. ती शेतकऱ्याची मुलगी, तिला त्यात नवल वाटायचं नाही, पण ऐकून घ्यायची.

बदकांनाही घेवडा आवडला होता. टेलरने तळ्यावर बदकं पाळणाऱ्या शेजारणीला, बदकवालीला, आधी सांगून पाहिलं होतं. "बघते हो, कुंपण नीट करते," ती म्हणाली होती आणि तिने ते केलंही होतं. पण कुंपणाच्या खालची फट बदकांना बरोबर सापडली. त्या सकाळी टेलर आला तेव्हा निम्मे वेल जमिनीवर लोळत होते आणि एक बदक चोचीत शेंग धरून त्याच्याकडे शांतपणे बघत होतं. त्या बघण्यानेच माझं डोकं फिरलं, असं त्याने पुढे कोर्टात सांगितलं.

तो फावडं घेऊन बांधावर चढला आणि जिथे बांध अरुंद दिसला तिथे उकरायला लागला. आधी हाताएवढी धार आली. मग दाराएवढी. तळं वर आणि घेवडा खाली, हे रागाच्या भरात त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. उरलेले वेल त्याच्या डोळ्यांदेखत मुळांसकट वाहून गेले.

बदकवाली दाण्याची बादली टाकून धावत आली तेव्हा टेलर गुडघाभर पाण्यात उभा होता. "मला थांबवता येत नाहीये," तो म्हणाला. तिने त्याच्या हातातून फावडं ओढून घेतलं. दोघांनी मिळून माती टाकली, दगड टाकले, तिने बादलीसुद्धा आडवी घातली. सगळं वाहून गेलं. शेवटी ती चिखलात बसली आणि पाणी जाताना बघत राहिली.

उन्हं वर आली तेव्हा तळ्याच्या जागी काळा गाळ होता आणि त्यात मासे तडफडत होते. लोक टोपल्या, पातेली घेऊन आले. टेलरही वाकून मासे गोळा करत होता. त्याला कुणी कर म्हटलं नव्हतं, कुणी करू नको असंही म्हटलं नाही. त्यातले थोडेच जगले. बदकं काठावर ओळीने उभी राहून गाळाकडे बघत होती.

त्या तळ्यावर बदकवालीचं घर चालत होतं. अंडी, मासे आणि बदकवालीच्या नवऱ्याची दुधाची गाडी, एवढंच त्यांचं उत्पन्न. घरात तिसरे होते तिचे सासरे, आप्पा. तरुणपणी आप्पांनी आणि त्यांच्या बायकोने त्या काटेरी पडीक जमिनीत स्वतःच्या हातांनी तळं खोदलं होतं, बांध घातला होता. बायको आता नव्हती. आप्पांच्या हातात काठी आली होती आणि दिवसातला बराच वेळ ते बांधाकडे तोंड करून खुर्चीत बसलेले असत. त्या दिवशी ते तसेच बसून राहिले, दुपारी जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी ताटावर बसले तेव्हा म्हणाले, "त्याला आत टाका."

"टाकायलाच पाहिजे," मुलगा म्हणाला. "नाहीतर उद्या कुणाची शेळी कुणाच्या रानात शिरली की जो तो फावडं घेऊन निघेल. लोकांना जरब बसली पाहिजे."

"लोकांचं मला सांगू नकोस. मला त्याला बसलेला बघायचंय. भिंतीकडे तोंड करून."

बदकवाली वाढत होती. "आणि बदकं कुठे पोहणार?" तिने विचारलं.

आप्पांनी ताट पुढे ओढलं.

खटला उभा राहिला. तालुक्याच्या कोर्टात टेलर कडक इस्त्रीचा सदरा घालून आला. वकील उठायच्या आधीच तो म्हणाला, "हो, मीच फोडला." वकिलाने कपाळाला हात लावला. न्यायाधीश बाई मध्यमवयीन होत्या. समोर कागदांचा ढीग होता आणि त्यातून डोकं वर काढून त्या बोलणाऱ्याकडे नीट बघत होत्या. त्यांनी बदकवालीच्या घरच्यांना विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

आप्पा म्हणाले, "तुरुंग." मुलगा म्हणाला, "इतरांना धडा मिळेल असं काहीतरी." बदकवाली सगळ्यात शेवटी बोलली. "मला तळं हवंय, बाई."

"आणि तुम्हाला?" बाईंनी टेलरला विचारलं.

तो गोंधळला. आरोपीलाही हा प्रश्न विचारतात हे त्याला ठाऊक नव्हतं. "मला तुरुंगाची भीती वाटते," तो म्हणाला. "पण रोज दुकानात जाताना आप्पांच्या समोरून जावं लागतं, त्याची जास्त वाटते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुरुंगात पाठवणं मला सोपं आहे, सही केली की काम झालं. पण हे तिथे बसून चादरी शिवणार आणि यांचं तळं कोरडं ते कोरडंच राहणार." मग त्यांनी निकाल सांगितला. तुरुंगाची शिक्षा आहे, पण ती तूर्त थांबवली आहे. तोवर आरोपीने स्वतः राबून बांध पूर्ववत करायचा. प्रोबेशन ऑफिसर येऊन बघून जाईल. पुढच्या तारखेला बांध झालेला नसेल तर आरोपी आत. "आणि बांध झाला की नाही ते कोण ठरवणार?" बाईंनी आप्पांकडे बघितलं. "मूळचा तुम्ही घातलात ना? मग तुम्हीच सांगा."

"मी नाही झाला म्हणालो तर?"

"तर नाही झाला."

आप्पा खाली बसले. येताना गाडीत ते स्वतःशीच मान हलवत होते. मुलाने विचारलं, "काय झालं आप्पा?"

"काही नाही. मला जेलर केलं वाटतं."

दुसऱ्या दिवसापासून टेलर उजाडताच यायला लागला. दुपारपर्यंत बांध, मग दुकान. आप्पांनी खुर्ची खिंडाराच्या तोंडाशी मांडून घेतली, डोक्यावर छत्री बांधून घेतली. टेलरने फावडं उचललं की आप्पा म्हणायचे, "ती कात्री नाहीये." घमेलं उचललं की म्हणायचे, "भर ते. नवरीचं पातळ आहे का, जपून धरायला?" टेलरच्या तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. दुपारी दुकानात सुईत दोरा ओवायला त्याला तीन-तीनदा प्रयत्न करावा लागायचा. गिऱ्हाईक बघत असे.

आप्पांनी त्याला कुंपणाजवळचा मातीचा ढीग उचलून खिंडारापाशी आणायला लावला. आणून झाला तेव्हा म्हणाले, "इथे नको, पलीकडे." पलीकडे नेला. पुढच्या दिवशी म्हणाले, "ही माती वाळू दे, होती तिथे नेऊन टाक." टेलरला बांधातलं काही कळत नव्हतं. असंच असेल असं समजून तो नेत होता, आणत होता. रस्त्याने जाणारे थांबायचे, हसायचे, पुढे जायचे.

एकदा त्याची बायको डबा घेऊन आली. डबा झाडाखाली ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. तिने बापाच्या शेतात बांध घातलेले बघितले होते. ती तिथूनच वळली आणि सरळ बदकवालीच्या दारात गेली.

"वहिनी, एक विचारू? त्या ढिगाचं पुढे काय करायचंय?"

बदकवाली दाणे निवडत होती. तिने उठून बाहेर बघितलं. टेलर घमेलं डोक्यावर घेऊन कुंपणाकडे चालला होता. तिचा चेहरा उतरला. "तुम्ही बसा जरा," ती म्हणाली आणि तशीच आप्पांकडे गेली.

"आप्पा, ही माती काल तिकडे होती."

"होती."

"परवा इकडे होती."

"असेल."

"मग बांध कुठे आहे?"

आप्पांनी काठी जमिनीवर घासली. "केल्याचं काय होतं ते त्याला कळायला नको?"

"कळलंय. हात बघा त्याचे. त्याला दमवायचं असेल तर खुशाल दमवा, बाईंनी तुम्हालाच नेमलंय. पण ओढ्याला पाणी आहे ते थोडेच दिवस. ओढा आटला की तळं भरायचं कशाने? तुमचं समाधान होईल आणि माझी बदकं वर्षभर धूळ खात बसतील."

आप्पांनी मातीच्या ढिगाकडे काठी रोखली. मग म्हणाले, "ही माती तुझ्या सासूने डोक्यावरून वाहिलीय. पोटात हा तुझा नवरा होता तेव्हा. आणि याने एका सकाळी..."

बदकवाली त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली. "तर मग त्यांनी कसा घातला ते दाखवा ना त्याला. मलाही दाखवा. मी आले तेव्हा बांध झालेलाच होता."

दुसऱ्या दिवशी टेलर आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. आप्पा काठी टेकत खिंडारात उतरले होते.

"इकडे ये," ते म्हणाले. "ही जुन्या बांधाची तुटलेली कड बघ. सरळ भिंतीसारखी आहे. हिला नवी माती नुसती टेकवून ठेवली तर काय होईल?"

टेलरने कडेवरून हात फिरवला. विचार केला. "उसवेल," तो म्हणाला.

"काय?"

"म्हणजे, जुन्या कापडाला नवं कापड नुसतं काठाला काठ लावून जोडलं तर तिथेच सुटतं. एकावर एक चढवून, दुमडून शिवावं लागतं."

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. "दुमडून," ते हळूच म्हणाले आणि हसले. हसता हसता खोकला आला. "तेच. या कडेला पायऱ्या पाडायच्या. प्रत्येक पायरीवर नवी माती चढवायची. हे तुला शिवणात कुणी शिकवलं?"

"मारून मारून शिकवलं."

"मी तुला नुसतं बोललो."

"बोललात ते पुष्कळ झालं, आप्पा."

त्या दिवसापासून काम सरकायला लागलं. टेलरने पायऱ्या पाडल्या, खाली कडक जमीन लागेपर्यंत चर खोदला. वरच्या माळावरून चिकणमाती आणायची होती, तिच्यासाठी आप्पांच्या मुलाने दूध वाटून झाल्यावर गाडी दिली. देताना म्हणाला, "हे माझ्या गाडीला शिक्षा झाल्यासारखं आहे," पण गाडी भरायला स्वतःच फावडं घेऊन उभा राहिला. बदकवालीने विचारलं, "आणि जरब?" तो म्हणाला, "लोक बघतायत की रोज. अजून किती जरब पाहिजे?"

चिकणमाती भिजवून तुडवायची होती. लोण्यासारखी मऊ होईपर्यंत तुडवायची आणि चरात थर देत जायचं, म्हणजे पाणी झिरपत नाही. एकट्या टेलरच्या पायांनी ते होण्यासारखं नव्हतं. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरला, तसा पोटरीपर्यंत रुतून तिथेच अडकला. काठावरून त्याची बायको म्हणाली, "पाय उचल." तो म्हणाला, "उचलतोय, येत नाहीये." तिने पदर खोचला आणि आत उतरली. तिला बघून बदकवाली उतरली. मग शिक्षा बघायला रोज कुंपणाशी थांबणारे दोघं-तिघं होते त्यांना आप्पांनी काठीने बोलावलं. "नुसतं बघून तुमच्या पायांना गंज येईल. या."

थोड्या वेळात तिथे असा गोंधळ माजला की बदकंही चिखलात शिरली आणि कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून ओरडत पळायला लागली. बदकवाली घसरली, तिने टेलरच्या बायकोचा हात धरला, दोघी मिळून खाली बसल्या आणि उठायचं सोडून हसत सुटल्या. टेलर मधोमध उभा राहून एका लयीत पाय मारत होता. मशीनचं पायडल मारायची सवय, कुणी काही म्हटलं तरी ती लय चुकत नव्हती. "याला थांबवू नका," आप्पा ओरडून सांगत होते, "हा बरोबर तुडवतोय."

नेमका तेव्हाच प्रोबेशन ऑफिसर मोपेडवरून आला. तरुण होता, बूट नवे होते. त्याने काठावरून सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "काम आरोपीने करायचं असं निकालात लिहिलंय."

"आरोपीच करतोय," बदकवाली म्हणाली. "आम्ही फक्त नाचतोय."

ऑफिसरने फाईल बगलेत मारली. तो जवळ येऊन बघायला लागला, एक पाय घसरून आत गेला, तेव्हा त्याने दुसरा बूट स्वतःच काढून दगडावर ठेवला.

थरावर थर चढला. प्रत्येक थर जड लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवायचा. आप्पा त्याला धुमस म्हणत. सुरुवातीला टेलर तो उचलून धापा टाकायचा. पुढे पुढे त्याचा दणका दुकानापर्यंत ऐकू जायला लागला आणि गिऱ्हाइकं त्यावरून ओळखायची की टेलर अजून बांधावर आहे. त्याची मान सरळ झाली होती. बायको म्हणाली, "तुझे सदरे आता खांद्यात घट्ट होतायत." त्याने ते उसवून वाढवले आणि आरशात बघत थोडा वेळ उभा राहिला.

कोर्टाची तारीख जवळ आली तेव्हा बांध उभा होता. ओढ्याचा पाट वळवला आणि पाणी तळ्यात यायला लागलं. आप्पांनी बांधावरून चालत जाऊन काठी टोचून बघितली. ऑफिसर फाईल घेऊन थांबला होता. आप्पा म्हणाले, "झाला. लिहा."

"लिहू नका," टेलर खालून म्हणाला.

तो बांधाच्या बाहेरच्या उतारावर पोटावर पडून मातीला तळहात लावून होता. "इथे ओलं आहे. रुमालाएवढं. जोडावरच."

"दंव असेल," आप्पा म्हणाले.

"दंव एवढ्याच जागी पडेल का?"

आप्पा हळूहळू उतरले, बसले, त्यांनी हात लावला. बराच वेळ त्यांनी हात तिथेच ठेवला. "पाझरतंय," ते म्हणाले. "मला नाही दिसलं."

ऑफिसरने टेलरला बाजूला घेतलं. "हे बघा, त्यांनी झाला म्हटलंय. मी लिहिलं की तुम्ही सुटलात. नंतर काय ती डागडुजी करा. आता उघडलात तर तारखेपर्यंत पुरा होणार नाही आणि मग बाई काय करतील ते माझ्या हातात नाही."

टेलर बांधाकडे बघत होता. त्याला तुरुंगाची भीती अजून वाटत होती, चेहऱ्यावरून कळत होतं. "पाणी वर चढलं की बांध पुन्हा तिथेच उघडेल," तो म्हणाला. "तेव्हा मी फोडला. आता फुटला तर तोही मीच फोडल्यासारखा होईल." आणि त्याने फावडं उचललं. बदकवाली पाट बंद करायला धावली.

तारखेच्या दिवशी बांध अर्धा उघडा होता. सगळे एकाच दूधगाडीतून कोर्टात गेले. टेलरच्या बायकोने पिशवीत त्याचे दोन जोड कपडे घेतले होते, आत जावं लागलं तर म्हणून. 

ऑफिसरने खाली बघत वाचलं, "काम अपूर्ण." बाईंनी टेलरकडे बघितलं. "अट तुम्हाला माहीत होती."

"हो, बाई."

आप्पा उठले. वकिलाने त्यांना बसा म्हणून खूण केली, ते बसले नाहीत. "बांध झाला होता. मी झाला म्हणून सांगितलंही होतं. पण तो पाझरत होता, ते मला दिसलं नाही. याला दिसलं, आणि यानेच उघडला."

"म्हणजे तुमचं म्हणणं काय? याला आत पाठवायचं की नाही? पहिल्या दिवशी तुम्हीच तुरुंग मागितला होता."

"मागितला होता. आता पाठवू नका. माझा बांध अर्धा आहे."

मागच्या बाकांवर हशा पिकला. बाईही हसल्या, पण लगेच सावरून त्यांनी विचारलं, "शिक्षेने हा माणूस सुधारला, असं तुम्ही म्हणाल का? मला लिहावं लागेल."

आप्पांनी टेलरकडे वळून बघितलं. त्याच्या घट्टे पडलेल्या हातांकडे, वाढवलेल्या सदऱ्याकडे. "ते मी कसं सांगू, बाई?" ते म्हणाले. "आधी मी याला ओळखतच नव्हतो."

बाईंनी मुदत वाढवून दिली. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "पुढच्या वेळी येऊ नका, ऑफिसरकडून कळवा. बदकं वाट बघत असतील."

जोड पुन्हा उसवला आणि पुन्हा घातला. या वेळी आप्पांनी हट्ट करून धुमस हातात घेतला, थोडे दणके मारले आणि धापा टाकत खाली बसले. टेलरने त्यांना पाणी दिलं. आप्पा म्हणाले, "तू मार. मी मोजतो." पण मोजायचं विसरून ते त्याला बायकोच्या गोष्टी सांगत बसले. ती घमेलं डोक्यावर असतानाच भांडायची कशी, आणि भांडण संपल्याशिवाय घमेलं उतरवायची नाही कशी.

ओढा रोडावण्याआधी तळं भरलं. टेलर उतारावर पडून सगळा जोड चाचपून आला. माती कोरडी होती. ऑफिसरने तिथेच दगडावर बसून कागद लिहिला, आप्पांनी सही केली. बदकवालीने खुराड्याचं दार उघडलं. बदकं काठाशी येऊन थबकली, माना लांब करून पाण्याकडे बघितलं, आणि मग पुढच्याला मागच्याने ढकललं म्हणा किंवा कसं, सगळी एकदम पाण्यात पडली. इतका आवाज झाला की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना.

टेलरने फावडं धुतलं, घमेलं पालथं घातलं. त्याची बायको आणि बदकवाली कुंपणाशी उभ्या राहून घेवडा या वेळी कुठे लावायचा ते ठरवत होत्या. तो निघाला तसा आप्पांनी खुर्चीतून हाक मारली.

"उद्या किती वाजता येतोस?"

टेलर थांबला. "उद्या? शिक्षा संपली ना, आप्पा."

"मी शिक्षेचं विचारत नाहीये."

टेलरने पाण्याकडे बघितलं, मग आप्पांकडे. "दुकान उघडायच्या आधी येतो," तो म्हणाला.